सिस्टर आणि बोलायची परीक्षा

सिस्टर कामाला लागल्या की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. असं कुलूप मी दुसऱ्या कुठल्या बाईच्या तोंडाला पाहिलं नाही, पुरुषाच्या तर नाहीच. नॉटिंगहॅमला माझ्या घरी त्या राहायला आल्या त्याच दिवशी मी नारळ फोडताना कोयता बोटावर मारून घेतला. रक्त भळाभळा वाहायला लागलं. मी कोयत्याला, नारळाला आणि तो विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या घालत उभा. बाई जिन्यावरून खाली आल्या, बॅगसुद्धा अजून उघडलेली नव्हती. माझा हात धरला, नळाखाली नेला, दाबला, वर धरला, कुठूनशी पट्टी काढली आणि बांधली. ‘कसं लागलं’ नाही, ‘दुखतंय का’ नाही, ‘जपून करावं’ नाही. ओटा पुसला, नारळाची दोन्ही भकलं उचलून ताटलीत ठेवली आणि वर निघून गेल्या. माझ्या शिव्या अजून संपायच्या होत्या.

त्यांना जागा द्यायला मी आधी नाहीच म्हटलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीणबाईंचा फोन आला, “काका, नागपूरची नर्स आहे, एकटीच आलीय, तुमची वरची खोली रिकामीच आहे ना?” मी म्हटलं, नाही. पहिल्यांदा सगळ्यालाच नाही म्हणायचं, ही माझी जुनी पद्धत. ज्याला खरी गरज असते तो दुसऱ्यांदा विचारतो. बायको गेल्यापासून घरात मी एकटा. मुलगा लंडनला, एजवेअरला असतो, तो दर रविवारी सांगतो की बाबा, घर विका आणि आमच्याकडे या. त्यालाही मी नाहीच म्हणतो, आणि तो बिचारा दर रविवारी विचारतो. सेक्रेटरीणबाईंनी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा म्हटलं, पाठवा.

माझं शिक्षण चौथी. गुहागरच्या बाजूचा मी. बोटीवर धुलाईला लागलो, बोटीवरून इथे उतरलो आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभा जन्म काढला. हे लिहितोय तेही माझ्या हाताने. मुलगा म्हणाला, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. म्हटलं, राहू दे. आमच्या काळी हॉस्पिटलातली प्रत्येक चादर तळघरातल्या आमच्या हंड्यांतून जायची. पुढे ती लाँड्री बंद झाली. आता म्हणे चादरी लॉरीत बसून दुसऱ्या गावाला जातात आणि धुऊन परत येतात, लेकींनी माहेरी जाऊन यावं तशा. पण तिथे राहून मला एक विद्या आली. अंगातल्या कपड्याच्या रंगावरून मी हॉस्पिटलातला माणूस ओळखतो. गडद निळा म्हणजे वॉर्डची सिस्टर, तिच्यासमोर आवाज खाली. फिका निळा म्हणजे नर्स. राखाडी म्हणजे हाताखालची, पाण्याचे जग भरणारी.

नागपूरच्या आमच्या सिस्टर राखाडी कपड्यात कामाला जायच्या.

हे मला खटकलं. तिकडे त्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डच्या मुख्य होत्या. खाटांवर माणसं, खाटांच्या मधे माणसं, व्हरांड्यात माणसं, आणि प्रत्येक माणसाबरोबर त्याचे नातेवाईक. इतक्या गर्दीत एकेकाशी बोलत बसलं तर अर्ध्या लोकांना औषधच मिळायचं नाही. तिथे त्यांना ती सवय लागली. “काकाजी,” त्या म्हणायच्या, “हात चालला की तोंड बंद. दोन्ही चालले तं एक खोटं बोलते.” हे त्यांचं ब्रीद. ते सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की बोटीवरच्या कप्तानाची आठवण यावी. पण इथे आल्यावर इथली परीक्षा पास होईपर्यंत नर्स म्हणवून घेता येत नाही. तोवर राखाडी.

पहिल्या आठवड्यात घरी आल्या आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “काकाजी, आज मले चादर घालायला शिकवली.”

“कोणी?”

“एका पोट्टीनं. माह्या पोरीपेक्षा थोडीशीच मोठी असन.”

मी म्हटलं, “मग? सांगितलं नाहीत तुम्ही कोण ते?”

“काहून सांगू? तिनं कोपरा दुमडून दाखवला तो आपल्याहून चांगला होता. मी शिकून घेतला.” आणि मग उठून त्यांनी माझ्या दिवाणावरची चादर काढून तो कोपरा मला करून दाखवला. न बोलता. मी आयुष्यभर चादरीच धुतल्या, पण त्या खाटेवर जाऊन कशा बसतात हे मला त्या दिवशी कळलं. सिस्टरांचा ताठा मला तेव्हापासून आवडायला लागला. तो ताठा मी कोण याचा नव्हता, काम कसं याचा होता.

खाण्यापिण्यात मात्र आमचं रोज वाजायचं. मी नारळाशिवाय भाजी करत नाही आणि त्या तिखटाशिवाय पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. माझं सांबारं चाखून म्हणायच्या, “हे पेशंटले द्यायचं हाये का?” त्यांचं वांग्याचं भरीत मी खाल्लं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हटलं, “सिस्टर, हे भूल द्यायला वापरता की काय नागपुरात?” त्यावर त्या हसल्या. त्यांचं हसणं क्वचितचं, पण आलं की अख्खं अंग हलायचं.

रोज संध्याकाळी त्या जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसून नागपूरला फोन लावायच्या, कारण तिथे सिग्नल चांगला येतो. तिकडे त्यांचे मिस्टर आणि मुलगी. मुलीचं घरातलं नाव गुड्डी. सुरुवातीला गुड्डी फोनवर इतकी बडबडायची की मला खाली ऐकू यायचं. शाळेतली बाई, शेजारचं मांजर, कोणी कोणाला चिमटा काढला ते. पास झालं की नर्सची पक्की नोकरी, आणि मग दोघांना इकडे बोलवायचं, असं ठरलेलं. नापास होत राहिलं तर व्हिसा संपला आणि परत. मधलं काही नाही. सिस्टर इथे कशासाठी राखाडी कपडे घालतात ते त्या जिन्यावर बसल्या की समजायचं.

त्या हिवाळ्यात माझ्या छातीत कफ भरला. मी कोणाला सांगितलं नाही. आमच्या वेळी डॉक्टरकडे जाऊन बसलं की नंबर लागायचा. आता सकाळी आठला फोन धरून बसायचं, बाजा ऐकायचा, आणि मग डॉक्टरच्या आधी रिसेप्शनवाली विचारणार, तुम्हाला काय होतंय? परक्या बाईला मी काय म्हणून सांगू? म्हटलं, अशाने कोणी मरत नाही. सिस्टरांनी माझी खोकल्याची ढास दोन दिवस ऐकली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः फोन धरून बसल्या. हॉस्पिटलात नेलं तर तिथे खाट नाही. म्हणाले, तुम्हाला घरच्या घरी वॉर्डमध्ये ठेवतो. मी म्हटलं, घरचा वॉर्ड म्हणजे काय? तर बोटाला एक चिमटा, दंडाला एक पट्टा आणि एक पाटीएवढा टॅब. चिमट्यातले आकडे कुठल्याशा ऑफिसात जातात, तिथे कोणीतरी बघत बसतं, आणि रोज फोन करतं.

मी तो पट्टा काढून फडताळात ठेवला. म्हटलं, भिंतीतून माझ्याकडे कोण बघतंय ते मला दिसत नाही, तर त्याने मला का बघावं?

“नवं आलं म्हणून वाईट नसते, काकाजी,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्या वॉर्डात असं असतं तं व्हरांड्यातली अर्धी माणसं घरी आपल्या खाटेवर झोपली असती. घाला तो पट्टा.” घातला. न घालून सांगतो कोणाला.

मग ऑफिसातल्या मुलीचा फोन यायचा, “हाऊ आर यू फीलिंग टुडे?” आणि मी म्हणायचो, “फाइन, फाइन, थँक यू.” आमच्याकडे कोणी ‘कसं आहे’ विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायचं असतं. दुखणं काय चव्हाट्यावर मांडायचं असतं? एकदा मी असंच फाइन म्हटलं आणि पाठोपाठ अशी ढास लागली की फोन हातातून पडला. सिस्टरांनी तो उचलला. “ही इज नॉट फाइन,” त्या म्हणाल्या. “ही इज अ व्हेरी स्टबर्न मॅन. ही विल से फाइन इन हिज कॉफिन.” पलीकडची मुलगी हसली आणि तिने माझं औषध त्याच दिवशी बदललं. फोन ठेवून सिस्टर माझ्याकडे वळल्या. “बरं आहे, बरं आहे! तुमच्या पोटात काय चालू हाये ते लोकाले सपनात दिसन काय? न सांगितलेलं दुखणं कोणाच्या बापाले समजत नाही!”

मी ते लक्षात ठेवलं. मी विसरणारा माणूस नाही.

परीक्षा आली. दुसऱ्या शहरात जाऊन द्यायची असते. सगळ्या नर्सा तिला ऑस्की म्हणतात. आत एकेका खोलीत एकेक काम. कुठे माणसाचं सोंग घेतलेला नट पेशंट म्हणून बसलेला, कुठे प्लास्टिकचा बाहुला निजवलेला, आणि कोपऱ्यात परीक्षक उभा. नाडी बघा, जखम बांधा, इंजेक्शन द्या. सिस्टरांना त्यात काय अवघड! हातातलं काम. सकाळी गेल्या तेव्हा मी दही-साखर हातावर ठेवली. आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं की झालंच.

नापास.

बसमधून उतरून घरी आल्या, कोट खुंटीला लावला, म्हणाल्या, “हात धुतले. पण हात धुते असं बोलली नाही.”

“म्हणजे?”

“तिथं सगळं बोलून दाखवावं लागते. मी कोण ते सांगायचं. पेशंटचं नाव, जन्मतारीख विचारायची. हात लावू का म्हणून विचारायचं. आता मी हे करते, आता ते करते, का करते. बोललं नाही तं केलंच नाही, असा नियम. प्लास्टिकच्या बाहुल्याले मी काय विचारू, काकाजी? बाप्पा, तुले हात लावू का?”

ही चूक दुसऱ्या कोणी केली असती का, मला शंका आहे. सोबतच्या तरुण पोरी पोपटासारख्या बोलल्या आणि सुटल्या. आमच्या सिस्टरांनी आयुष्यभराच्या इभ्रतीने काम केलं, म्हणजे तोंड मिटून केलं, आणि परीक्षकाच्या कागदावर ते काम झालंच नाही.

मी दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हटलं, “न सांगितलेलं दुखणं कोणाच्या बापाला समजत नाही, नाही का सिस्टर?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चहा थंड व्हावा. पण दुसरा घोट घेऊन म्हणाल्या, “बरोबर हाये तुमचं. लेटा तुम्ही सोफ्यावर.”

तिथून मी पेशंट झालो. रोज चहानंतर सोफ्यावर आडवं व्हायचं. सिस्टर दाराबाहेर जायच्या, टकटक करून आत यायच्या आणि इंग्रजीत आपली ओळख द्यायच्या, जणू मी त्यांना पहिल्यांदाच बघतोय. मग विचारायच्या, “कॅन यू टेल मी युवर फुल नेम अँड डेट ऑफ बर्थ?”

नाव मी सांगितलं. जन्मतारखेला अडलो. “ती कोणाला ठाऊक? शिमग्याच्या आधी, असं आई म्हणायची.”

“काकाजी, पासपोर्टवर काय हाये?”

“एक जून.”

“मंग एक जून म्हणा अन् मोकळे व्हा.”

“ती मास्तरांनी लावली शाळेत. अख्ख्या वर्गाची एक जून. शिमगा जूनमध्ये येतो काय? खोटं कशाला बोलू?”

सिस्टर सरळ उभ्या राहिल्या आणि कोपऱ्यातल्या माझ्या टीव्हीकडे, म्हणजे परीक्षकाकडे, तोंड करून म्हणाल्या, “पेशंट इज कन्फ्यूज्ड.”

“कन्फ्यूज्ड कोण?” मी उठून बसलो. “कन्फ्यूज्ड तुमचा तो मास्तर!” आणि मग त्यांना असं हसू फुटलं की त्या दिवशीची प्रॅक्टिस तिथेच संपली.

पण हसण्यावारी जाण्यासारखं ते नव्हतं. शब्द त्यांना सगळे पाठ होते. म्हणायच्याही. पण ते ऐकताना कळायचं की ही बाई पाठ केलेलं म्हणतेय आणि तिला त्याची लाज वाटतेय. “नाटकातल्यासारखं वाटते,” म्हणायच्या. “हात एकीकडे, जीभ एकीकडे.” दुसऱ्या वेळीही तेच झालं. निम्म्या खोल्यांत बोलल्या, एका खोलीत जखम बांधण्यात हात रंगला आणि तोंड आपोआप मिटलं. पुन्हा नापास. आता एकच संधी उरली.

जिन्यावरचे फोन आखूड होत गेले. गुड्डी फोनवर यायची बंद झाली. मिस्टर म्हणायचे, “अभ्यास करून राहिली,” “झोपली,” “शेजारी गेली.” एकदा आली तेव्हा मी खालच्या पायरीशी बूट घालत होतो. मुलगी म्हणाली, “आई, तू नेहमी पुढच्या महिन्याचं सांगतेस.” बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सिस्टर फोन हातात धरून बसून राहिल्या. मी बूट घातलेले परत काढले, कुठे जायचं होतं तेच विसरलो.

त्यांची गाडी वळणावर आली ती मात्र माझ्या सोफ्यावर नाही, वॉर्डात. एक दिवस त्या घरी आल्या आणि जेवायला बसल्या, पण घास उचलेनात. मग त्यांनीच सुरुवात केली. वॉर्डात एक आंधळी म्हातारी होती, इथलीच गोरी बाई. सिस्टर नेहमीप्रमाणे गेल्या आणि तिची नाडी बघायला मनगट धरलं. म्हातारी किंचाळली. अंथरुणात मागे मागे सरकत भिंतीला टेकली आणि थरथरायला लागली. “कोण आहे? कोण आहे?” म्हणत राहिली. सिस्टर म्हणाल्या, मी आहे, मी आहे. म्हातारीने श्वास आवरला आणि म्हणाली, “यू मस्ट से, मी डक. आय कान्ट सी यू कमिंग.” इकडच्या लोकांची लाडाने हाक मारायची ही रीत, समोरच्याला बदक म्हणतात. भीतीने अर्धी झालेली ती बाई, पण तेव्हाही तिने लाडानेच सांगितलं.

“बघा काकाजी,” सिस्टर म्हणाल्या, “मी तिच्यासाठी कोणीही असती. चोर असती.”

मी म्हटलं, “ती आंधळी होती. तिची गोष्ट वेगळी.”

“आमच्याकडे व्हरांड्यात जमिनीवर माणूस पडून असते. तापानं डोळे मिटलेले. वरून कोणाचा तरी हात येते अन् सुई टोचते. तोही आंधळाच नं? किती लोकाले मी भेववलं असन इतकी वर्षं?”

“छे! तिकडे कोणी घाबरत नव्हतं. कोणी म्हणालं का तसं तुम्हाला?”

“कोणी विचारलं का त्यायले?”

आपण ज्या गोष्टीची उभा जन्म शेखी मिरवली, तीच गोष्ट ताटावर बसून, चाळिशी उलटल्यावर, कोणी भाग न पाडता चूक म्हणायची, हे मला जमलं नसतं. मी तोंडदेखलं सांगत नाही. मी शंभरजण शिकलेले पाहिलेत, त्यांतल्या कोणाला जमलं नसतं. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्या अंगावरच्या कपड्याचा रंग बदलला, परीक्षेचा निकाल काय लागायचा तो लागो.

दुसऱ्या दिवशी चहानंतर त्या म्हणाल्या, “लेटा. आज मी मराठीत बोलते.”

“परीक्षा इंग्रजीत आहे.”

“माहीत हाये. आधी माह्या भाषेत खरं होऊ द्या. मंग त्यायच्या भाषेत नेते.”

दारावर टकटक झाली. सिस्टर आत आल्या, हात धुतल्यासारखे केले आणि म्हणाल्या, “काकाजी, मी हाये. तुमचा हात धरू का?” मी म्हटलं, धरा. “नाडी बघते. थोडा वेळ बोलणार नाही, मोजते म्हणून. घाबरू नका.” मोजली. “आता दंडाला पट्टा बांधते. आवळन थोडा. लागलं तं सांगा, ‘बरं आहे’ म्हणू नका.” आवाज हळू, जड, गुड्डीशी पहिल्या दिवसांत जिन्यावर बोलायच्या तसा. टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही. मी आडवा पडून ऐकत होतो. बायको गेल्यानंतर माझ्या अंगाला हात लावायच्या आधी मला कोणी विचारलं नव्हतं. न्हाव्याने नाही, डॉक्टरने नाही. मी म्हटलं, “सिस्टर, पास.” त्या म्हणाल्या, “तुम्ही गप बसा, पेशंट हाये तुम्ही.”

मग हळूहळू तीच वाक्यं त्यांनी इंग्रजीत नेली. इंग्रजी त्यांचं थोडं खडबडीतच राहिलं, पण आता हात आणि जीभ एका गाडीला जुंपलेल्या बैलांसारखे बरोबर चालायचे. वॉर्डातही तसंच बोलू लागल्या. ती आंधळी म्हातारी म्हणे त्यांच्या पावलांवरून आधीच “देअर शी इज” म्हणायची.

तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो. त्या नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. परीक्षेच्या इमारतीसमोर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलो. आतून येणाऱ्या पोरींपैकी कोणी रडत होती, कोणी फोनवर किंचाळत होती. आमच्या सिस्टर बाहेर आल्या, डबा उघडला आणि उभ्या उभ्याच सगळा खाल्ला, माझं नारळाचं सांबारंसुद्धा, एक अक्षर वाकडं न बोलता. मी विचारलं, “बोललात का?” म्हणाल्या, “बाहुल्याशी इतकी बोलली की तो उठून बसते की काय वाटलं.”

काही दिवसांनी दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. “काकाजी, झालं.” मी म्हटलं, “मला माहीत होतं.” फोन ठेवला आणि खुर्चीवर बसलो. महिन्याभरात त्या फिक्या निळ्या कपड्यात जिन्यावरून खाली आल्या. मी उभा राहिलो. “काहून उठले?” म्हणाल्या. म्हटलं, “आमच्या लाँड्रीतली रीत आहे.” अशी रीत कधीच नव्हती.

मिस्टर आणि गुड्डी आले. आम्ही बसस्टेशनवर आणायला गेलो. फोनमधली मुलगी आणि बसमधून उतरलेली मुलगी यांच्यात चांगली वीतभर उंचीचं अंतर पडलं होतं. सिस्टरांनी हात पसरले. गुड्डी आली, मिठीत उभी राहिली, पाहुण्याकडे उभं राहतात तशी, आणि सुटून बाबांच्या शेजारी गेली. मिस्टर तिला कोपराने ढोसायला लागले, “जा नं, आई हाये.” सिस्टर म्हणाल्या, “ढकलू नका तिले.”

घरात त्यानंतर जे सुरू झालं ते मला परीक्षेपेक्षा कठीण वाटलं. मुलगी अत्यंत शहाणी वागायची. वाढलेलं सगळं खायची. आईने पोळी वाढली की म्हणायची, “थँक यू, आई.” पाणी दिलं की “थँक यू.” वेणी घालून दिली की “थँक यू.” पोटच्या पोराने आईला प्रत्येक पोळीमागे थँक यू म्हणावं? सिस्टर ते ऐकून घ्यायच्या आणि पुढची पोळी लाटायच्या. एकदा गुड्डी मला म्हणाली, “आजोबा, आईला इथे काय आवडतं खायला?” म्हटलं, “तूच विचार की.” तर म्हणाली, “नको, तिला वाईट वाटेल मला माहीत नाही म्हणून.” न बोलण्याचा वारसा आईकडून लेकीकडे पूर्ण पोचला होता.

सिस्टरांनी घाई केली नाही. शाळेत सोडायला जायच्या, आणायला जायच्या, वाटेत स्वतःच बोलत राहायच्या. आज वॉर्डात काय झालं, कोण बरं होऊन घरी गेलं, कोणत्या म्हाताऱ्याने जेली फेकून मारली. गुड्डी हं हं म्हणायची. असं शाळेचं एक अख्खं वर्ष गेलं. मिस्टरांना गोदामात काम लागलं. मुलीला मैत्रिणी मिळाल्या, तिच्या बोलण्यात इथला हेल आला, मराठीत तिने माझ्या खुर्चीला ‘तो खुर्ची’ करून टाकलं.

आणि मग सिस्टरांना दूर वेल्समधल्या कार्डिफहून बोलावणं आलं. तिथल्या हॉस्पिटलात बाहेरदेशांतून नव्या आलेल्या नर्सना त्याच परीक्षेसाठी तयार करायचं, अशी जागा. गडद निळा कपडा. मी म्हटलं, “जा. नाही म्हणायचं काम माझं आहे, तुमचं नाही.” त्यांनी रविवारी सकाळी नाश्त्याला घरात सांगितलं. मी बागेच्या दारात पुदिना खुडत होतो.

गुड्डीचा आवाज असा फुटला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. “मी नाही येणार! तू जा! तू नेहमी जातेस आणि मग सगळ्यांना तुझ्या मागे यावं लागतं! मला विचारलं कोणी? माझ्या फ्रेंड्स इथे आहेत, तुला कोणाचं काही नाही, तुला फक्त तुझे पेशंट!”

“आवाज खाली कर, गुड्डे!”

“नाही करणार! तू इकडे असताना मी तिकडे तापात होते, तू होतीस का? आजी होती!”

“नव्हती नं मी! नव्हती! माहीत हाये मले नव्हती! रोज माहीत हाये!” हा सिस्टरांचा आवाज. इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. “पण आता हाये नं? बोल काय बोलायचं ते मले! सगळं बोल! बापाशी अन् आजोबाशी काहून बोलते, माह्याशी बोल!”

आणि पोरगी बोलली. काय काय बोलली ते मी लिहिणार नाही, ते त्या दोघींचं आहे. ताट आपटलं, वरचं दार आपटलं, मग सिस्टर वर गेल्या आणि ते दार पुन्हा आपटलं. मिस्टर घाबरून बागेत माझ्याजवळ आले, “काकाजी, तुम्ही समजवा नं दोघींले.” मी त्यांच्या हातात पुदिन्याची जुडी दिली आणि म्हटलं, “पानं निवडा. वर जाऊ नका.”

चांगल्या वेळाने सिस्टर खाली आल्या. डोळे सुजलेले, केस सुटलेले, ओढणीचं टोक कुठल्या कुठे. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“पोट्टी उलटून बोलते, काकाजी,” त्या म्हणाल्या. “मले म्हणते, तुले अक्कल नाही.”

पास झाल्याच्या दिवशीही त्या बाईच्या तोंडावर मी असा आनंद पाहिला नव्हता. वरून गुड्डी ओरडली, “आई! माझा निळा टॉवेल कुठे टाकलास?” सिस्टर तशाच सुजल्या डोळ्यांनी जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, “आपलं आपण शोध!” आणि शोधायला वर पळाल्या.

त्या महिन्याच्या शेवटी ते तिघं कार्डिफला गेले.